पुरात भिजलेले फोटो, जोतिबाचा गुलाल आणि फोटोशॉपचं भाडं

दाजींनी लॅपटॉप घेतला आणि पहिल्याच आठवड्यात फोन: "पाव्हणं, ओळखीचा एक पोरगा फोटोशॉप फुकटात टाकून देतो म्हणतोय. टाकू का?" नको म्हटलं. चोरीची कॉपी चालवायची म्हणजे आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. माझ्या जुन्या मशीनवर हा खेळ एकदा झालाय, विंडोज नव्यानं घालावी लागली. म्हणजे एकतर खरोखर फुकट आहे ते वापरायचं, नाहीतर रीतसर पैसे मोजायचे.

त्यांचं काम ठरलेलं होतं. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा अल्बम भिजला, त्यातले वाचले तेवढे फोटो दुरुस्त करायचे. एक फोटो आम्ही फुकटच्या आणि पैशाच्या, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये करून बघितला. त्यांचे आजोबा, डोक्याला फेटा, मागं स्टुडिओतला रंगवलेला पडदा. खालचा कोपरा पाण्यानं धुऊन गेलेला, गालावरनं एक चीर. 4 बाय 6 इंची फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात, घरच्या कामाला तेवढे बास. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते आणि मग कुठलंच सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

आधी गिंप घेतलं, फोटो दुरुस्तीचं फुकटचं सॉफ्टवेअर. हील टूल, कंट्रोल दाबून चिरेशेजारच्या चांगल्या भागावर क्लिक, मग बारीक ब्रशनं हळूहळू. गाल दहा मिनिटांत साफ. पडद्याचा कोपरा मात्र क्लोन टूलनं भरताना तासभर गेला, आणि निरखून बघितलं तर एकच फूल तीन ठिकाणी उमटलेलं. फोटोशॉपच्या सात दिवसांच्या ट्रायलमध्ये कंटेंट-अवेअर फिलनं (आजूबाजूचं बघून आपोआप भरणारं टूल) तोच कोपरा मिनिटाभरात भरला, तोही बेमालूम. पैशाचा फरक इथं दिसतो, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. चेहऱ्यावर मात्र जनरेटिव्ह फिल, म्हणजे एआयनं नवं चित्र भरणारं टूल, लावू नका. माणूस चकचकीत होतो, पण तो आजोबा राहत नाही.

तेव्हा हिशेब फोटोंच्या संख्येवर. असे पंधरा-वीस फोटो असतील तर गिंप आणि चार रविवार. दोनशे असतील तर फोटोशॉप घ्या, पण सुटा महिन्याचा प्लॅन बघून. वर्षाचा करार करून महिन्याला पैसे भरायचा प्लॅन स्वस्त दिसतो, मात्र मध्येच सोडला तर दंड बसतो. फोटोशॉप विकत मिळत नाही, भाड्यानंच मिळतं. 2013 पासून कंपनीनं तोच रस्ता धरलाय. भाडं थांबलं की प्रोग्राम बंद. केलेल्या फोटोशॉपच्या (पीएसडी) फाइली तुमच्याकडं राहतात, आणि त्या गिंपमध्ये किंवा ब्राउझरमधल्या फोटोपीमध्ये बऱ्यापैकी उघडतात. फोटोपीत जाहिराती दिसतात, पण फोटो कुठं अपलोड होत नाही, काम तुमच्याच मशीनवर चालतं. जुन्या लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं: फोटोशॉपला किमान 8 जीबी रॅम लागते, गिंप त्याहून कमीवरही निभावतं.

गिंप दिसायला रांगडं आहे, हे मान्य. पण मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 पासून लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो. पूर्वी एकदा लावला की लावला.

जोतिबाच्या यात्रेचे फोटो ही वेगळीच डोकेदुखी. सगळीकडं गुलाल, त्यामुळं ऑटो कलरचं बटण गुलाबी रंग 'सुधारायला' जातं आणि माणसं हिरवट होतात. उपाय साधा आहे: लेव्हल्स या रंग-उजेडाच्या सेटिंगमधला करडा ड्रॉपर घेऊन गुलाल न लागलेल्या दगडी पायरीवर क्लिक करा. हे फुकटच्यातही होतं. पण फोटो तीनशे असतील आणि एका फोटोची दुरुस्ती सगळ्यांवर चिकटवायची असेल, तर लाइटरूम (भाड्याचं) सुखाचं. डार्कटेबल (फुकट) हेच करतं, फक्त पहिला महिना डोकं खातं. मला ते शिकायला जमलं, दाजींना जमेल असं वाटत नाही.

आता मराठी अक्षरं. कोल्हापुरात फोटो एडिटिंग शिकलेल्या माणसाला वाढदिवसाचं बॅनर चुकत नाही, म्हणून परीक्षेला एकच शब्द घ्या: 'हार्दिक'. रफार आणि पहिली वेलांटी दोन्ही एकाच अक्षरावर. गिंपमध्ये युनिकोड फाँटनं तो सरळ उमटतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय निवडला नसेल तर वेलांटी भलतीकडं जायची, आणि माणूस फाँटला शिव्या घालत बसायचा. अॅफिनिटी हे फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर पूर्वी एकरकमी विकत मिळायचं, ऑक्टोबर 2025 पासून कॅनव्हाचं खातं काढून फुकट मिळतं. एआयची टूलं हवी असतील तरच पैसे. तिथंही आधी 'हार्दिक' टाइप करून बघा, मगच मन गुंतवा.

पासपोर्ट फोटोसाठी कुणी पैसे घालवू नयेत. 35 बाय 45 मिलिमीटरचे आठ फोटो 4 बाय 6 च्या कागदावर बसतात, आणि हे काम यातलं कुठलंही सॉफ्टवेअर करतं.

दाजींच्या अल्बममधले भिजलेले फोटो मोजले, अठरा निघाले. गिंप टाकलं. आजोबांचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लागला, पडद्यावरच्या तीन सारख्या फुलांसकट. आत्याबाई बराच वेळ बघत होत्या. म्हटलं, आता धरतात. म्हणाल्या, "फेटा कुणी बांधला असंल रे त्यांना? त्यांना सोताला कधी बांधता आला न्हाई."