एडविन फॉक्स: पिक्टनच्या गोदीतले सागवानी जहाज

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पिक्टन बंदरालगतच्या एडविन फॉक्स सागरी संग्रहालयात उंच डोलकाठ्या आणि शिडे पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे. येथे कोरड्या गोदीत, छपराखाली, एका जुन्या व्यापारी जहाजाचा लाकडी सांगाडा तेवढा उभा आहे. डागडुजी करून ते नव्यासारखे सजवण्याऐवजी आहे त्या स्थितीत जपण्याचा निर्णय घेतला गेला आणि माझ्या मते तो सर्वस्वी योग्य ठरला आहे.

ऑस्ट्रेलियाला कैदी वाहून नेणाऱ्या जहाजांपैकी शिल्लक राहिलेले हे एकमेव, अशी त्याची ख्याती. ती खरी असली, तरी कैद्यांची फेरी त्याने एकदाच केली. ऑगस्ट १८५८ मध्ये सुमारे २८० कैदी घेऊन प्लिमथहून निघालेले हे जहाज नोव्हेंबरमध्ये फ्रीमँटलला पोहोचले. मजुरांच्या टंचाईने बेजार झालेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीला १८५० ते १८६८ या काळात असे कैदी पुरवले जात होते. कैद्यांच्या त्या फेरीआधी क्रिमियन युद्धात सैनिक, नंतर हिंदुस्थानाकडे बिअर, पुढे १८७३ पासूनच्या चार फेऱ्यांत न्यूझीलंडला स्थलांतरित कुटुंबे, असे ज्याचे भाडे मिळेल ते त्याने वाहिले.

मात्र जहाज वाचले ते या कीर्तीमुळे नव्हे. वाफेच्या जहाजांपुढे शिडांचा निभाव लागेना, तेव्हा १८८० च्या दशकात त्यात शीतयंत्रे बसवून मेंढ्यांचे मांस गोठवण्याचे तरंगते कोठार केले गेले. १८९७ मध्ये ते पिक्टनला आले आणि तेही काम सुटल्यावर कोळशाचे गोदाम झाले. शेवटी १९६५ मध्ये जतनासाठी पुढे आलेल्या संस्थेने ते अवघ्या एका शिलिंगला विकत घेतले, तरी पिक्टनजवळच्या शेक्सपिअर उपसागरात सुमारे दोन दशके ते तसेच पडून राहिले. आजच्या गोदीत ते १९९९ मध्ये विसावले. इतकी हेळसांड सोसूनही ते उभे आहे, याचे श्रेय मी सागाला देतो. कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पलीकडे सालकिया येथे १८५३ मध्ये ते याच लाकडात बांधले गेले.

म्हणूनच पाहणाऱ्याने तळाशी अधिक वेळ द्यावा. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून ठोकलेल्या, तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूच्या पत्र्यांचे अवशेष बाहेरून दिसतात. आत गेल्यावर उघड्या फासळ्यांची रांगच्या रांग समोर येते आणि कैद्यांना महिनोन्महिने किती कोंडवाड्यात काढावे लागले असतील, याचा अंदाज कोणत्याही फलकाविना येतो.

वेलिंग्टनची फेरीबोट पिक्टनलाच लागत असल्याने येथे येण्यासाठी वेगळा प्रवास करावा लागत नाही. तरीही बोट सुटण्यापूर्वीच्या उरल्यासुरल्या वेळात हे संग्रहालय उरकू नये. जहाजबांधणीची थोडी जरी आवड असेल, तर त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.