क्रॉप टॉपचा काठ आणि ट्विन नीडल: दोन वर्षं वापरून झाल्यावर

माझ्याकडे साधं घरगुती मशीन आहे. सरळ टाका, झिगझॅग, काजं, एवढंच. कापडाची कड दोऱ्याने बांधणारं ओव्हरलॉक नाही, विकतच्या टी-शर्टसारखा काठ शिवणारं कव्हरस्टिचचं मशीन तर नाहीच. या मशीनवर गेली दोन वर्षं मी टी-शर्ट कापून क्रॉप टॉप करते आहे. आधी माझे स्वतःचे केले, मग भाचीचे, मग तिच्या मैत्रिणींचे. तीसेक तरी झाले असतील. त्यातले पहिले सात-आठ आता कोणी घालत नाही. कापड अजून धडधाकट आहे, रंगही टिकलेत, पण खालचा काठ बिघडलाय. कुठे टाके तुटलेत, कुठे काठाला लाटा आल्यात. म्हणून हे परीक्षण एका सुईचं लिहिते आहे, कारण माझ्या हाती काठ नीट यायला लागला तो तिच्यामुळे.

लांब टी-शर्टचा काठ कंबरेखाली कुठेतरी असतो. पँटमध्ये खोचला तर दिसतही नाही. क्रॉप टॉपचा काठ मात्र सगळ्यांच्या नजरेच्या वाटेवर येतो, आणि हलतोही सगळ्यात जास्त. हात वर केला की वर जातो, वाकलं की पुढे झुकतो, टॉप डोक्यावरून काढताना छाती आणि खांद्यांवरून ताणून पार व्हावा लागतो. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टचं विणीचं कापड ताणलं जातं, सरळ टाक्यातला दोरा जात नाही. माझ्या पहिल्या टॉपची खालची शिलाई भाचीने तो पहिल्यांदा काढतानाच टचकन तुटली. ती म्हणाली, "मावशी, मी हळूच काढला गं." तिची काहीच चूक नव्हती. पुढचे टॉप मी झिगझॅगने शिवले. टाके टिकले, पण वरून दिसणारी ती नागमोडी रेघ मला कधीच आवडली नाही. घाईत डागडुजी केल्यासारखी वाटते.

विकतच्या टी-शर्टचा काठ उलटून पाहा. वर दोन समांतर सरळ रेघा असतात आणि आत जाळीसारखे फासे. ती कव्हरस्टिच, म्हणजे साखळीची शिलाई असते, तिला वेगळं मशीन लागतं. ट्विन नीडल, म्हणजे जुळी सुई, तशाच दोन समांतर रेघा साध्या मशीनवर देते. एकाच दांड्याला आडवी पट्टी आणि तिला दोन सुया. वरून दोन दोरे येतात, खाली बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या पोटातल्या छोट्या रिळाचा, दोरा मात्र एकच. तो एकटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत दोन्ही दोऱ्यांना अडकवतो, त्यामुळे आतल्या बाजूला झिगझॅग तयार होतो. काठ ताणला जातो तो सगळा त्या आतल्या झिगझॅगमुळे. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप समजतात.

पाकिटावर ४.०/७५ असे आकडे असतात. पहिला आकडा दोन सुयांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. दुसरा सुईची जाडी, ७५ म्हणजे ०.७५ मिलिमीटर. मी ४.०/७५ आणि २.५/७५ या दोन वापरते, दोन्ही स्ट्रेच प्रकारच्या. सुरुवातीला साधी युनिव्हर्सल जुळी सुई आणली होती. तिने दर चार बोटांवर एक टाका गाळला. मी तीन वेळा दोरा बदलला, टेन्शन (दोरा किती घट्ट ते ठरवणारा आकडा) फिरवलं, मशीन साफ केलं, आणि दोष सुईच्या प्रकाराचा निघाला. स्ट्रेच सुईचं टोक किंचित गोलसर असतं, ते सूत न तोडता दोन सुतांच्या मधून जातं, आणि ताणणाऱ्या कापडात टाका गळू नये अशीच तिची घडण असते. होजिअरीसाठी स्ट्रेच लिहिलेलीच घ्या. यात काटकसर करू नका.

घेण्याआधी मशीनकडे एकदा नीट बघा. सुई जिथून खाली जाते ते पत्र्यातलं भोक आडवं लांबट हवं. फक्त सरळ टाका मारणाऱ्या मशीनला छोटं गोल भोक असतं, त्यावर जुळी सुई पहिल्याच टाक्याला मोडेल. सुईची चपटी बाजू मागे बसायला हवी आणि दोरा समोरून ओवता यायला हवा. ज्या मशीनमध्ये दोरा बाजूने ओवतात, तिथे दोन सुया एकीमागे एक उभ्या राहतील, म्हणजे ही सुई तिथे चालणारच नाही. थोडक्यात, झिगझॅग करणारं, समोरून ओवायचं मशीन असेल तर चालतं.

दोरा ओवणं वाटतं तेवढं अवघड नाही. दुसरं रीळ नसेल तर त्याच दोऱ्याची एक जादा बॉबिन भरून ती दुसऱ्या खुंटीवर लावायची. एक रीळ घड्याळाच्या दिशेने सुटेल आणि दुसरं उलट्या दिशेने असं ठेवलं की दोरे एकमेकांत गुंतत नाहीत. टेन्शनच्या चकत्यांच्या मधल्या चकतीची एक बाजू एका दोऱ्याला, दुसरी बाजू दुसऱ्याला. सुईच्या अगदी वरच्या कडीतून मी एकच दोरा घेते, दुसरा बाहेरून. आपोआप दोरा ओवणारा आकडा असेल तर त्याला या सुईसाठी हातही लावू नका. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा ताणाला टिकत नाही.

माझी पहिली स्ट्रेच सुई दुसऱ्याच दिवशी मोडली. आदल्या रात्री झिगझॅग लावून ठेवला होता तो काढायला विसरले. सुया बाजूला सरकल्या, पत्र्यावर आपटल्या आणि एक तुकडा उडून माझ्या गालाला लागला. डोळ्यापासून दोन बोटं खाली. तेव्हापासून ही सुई लावली की मी आधी रुंदीचा आकडा शून्यावर आहे का ते बघते, मग चाक हाताने पुरतं एकदा फिरवते, आणि मगच पेडल दाबते. हे तुम्हीही कराच.

आता या सुईची सगळ्यात मोठी तक्रार. दोन रेघांच्या मधलं कापड फुगून उभं राहतं, काठावर आतून दोरी घातल्यासारखं दिसतं. पातळ टी-शर्टवर तर फारच. बहुतेक जण इथेच सुई डब्यात टाकून देतात. मीही दोन महिने टाकली होती. कारण सुईत नसतं, खालच्या दोऱ्यात असतं. बॉबिनचा दोरा घट्ट असला की तो दोन्ही रेघांना जवळ ओढतो, आणि मधलं कापड जाणार कुठे? वर उचललं जातं. शिवून झाल्यावर काठ उलटून पाहा. आतला दोरा स्पष्ट झिगझॅग दिसत असेल तर ठीक. मधोमध ताठ सरळ रेघेसारखा दिसत असेल तर तो घट्ट आहे, आणि काठ ताणल्यावर तोच आधी तुटणार.

मी केलेला इलाज असा. वरचं टेन्शन नेहमी ४ वर असतं, ते अडीचच्या आसपास आणलं. टाक्याची लांबी ३ मिलिमीटर. याने अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं झालं बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन ज्यात बसते त्या डबीच्या, छोट्या स्क्रूने. मी एक वेगळी बॉबिन केस फक्त या कामासाठी ठेवली आहे. तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, आणि तिचा स्क्रू एक अष्टमांश फेरा सैल केलाय. नेहमीच्या केसला हात लावत नाही, म्हणजे इतर शिवणकाम बिघडत नाही. फारच मऊ, पातळ कापड असेल तर दुमडीच्या आत पातळ, ताणणाऱ्या फ्युजिंगची अरुंद पट्टी इस्त्रीने चिकटवते. तेही नको असेल तर २.५ ची सुई वापरा. रेघांमधलं अंतर कमी म्हणजे फुगायला कापडच कमी. पातळ टी-शर्टला मला तीच जास्त आवडते, जाडसर स्वेटशर्टच्या कापडाला ४.० शोभते.

पण सुई कितीही चांगली असली तरी कापणी चुकली तर काठ तिरकाच दिसणार, म्हणून त्याबद्दल सांगायलाच हवं. टी-शर्ट आधी धुऊन, वाळवून घ्या. धुतल्यावर अनेक टी-शर्टची बाजूची शिवण फिरून पोटावर येते, हे तुम्ही पाहिलं असेल. सुताला दिलेला पीळ सुटू पाहतो, म्हणून कापड वळतं. अशा टी-शर्टची बाजूची शिवण शिवणीवर ठेवून घडी घातली तर काठ वाकडा कापला जातो. मी खांद्याची शिवण खांद्यावर जुळवते, गळ्याचा मध्य जुळवते, आणि खाली कापड आपोआप जसं पडेल तसं पडू देते. बाजूची शिवण मग कुठेही जावो.

उंची ठरवताना आरशासमोर हात खाली ठेवून एक खूण, मग दोन्ही हात पूर्ण वर करून बघायचं. भाचीच्या एका सैल टी-शर्टचा काठ हात वर केल्यावर सहा सेंटिमीटर वर गेला. मुंढा (काखेपाशी बाही जोडतात ती जागा) जितका खाली, तितका टॉप हाताबरोबर जास्त ओढला जातो. घट्ट मुंढ्याच्या टॉपमध्ये हेच अंतर बरंच कमी असतं. तेव्हा "बेंबीच्या वर दोन बोटं" असं ठरवून कापू नका, हात वर करून किती दिसलेलं तुम्हाला चालेल त्यावरून ठरवा. आणि पुढचा भाग मध्यावर मागच्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब कापा, बाजूकडे जाताना तो फरक हळूहळू शून्यावर आणा. छाती कापड वर उचलते. सरळ रेषेत कापलेला काठ अंगावर पुढून चढलेला दिसतो. हे कळायला मला पाच टॉप लागले, आणि ते पाचही मला अजून खटकतात.

दुमडीसाठी अडीच सेंटिमीटर माया, म्हणजे जादा कापड, सोडते. कापलेली आडवी कड सुलट बाजूकडे वळून गुंडाळते, म्हणून दुमडल्यावर आधी इस्त्री, मग टाचण्या. शिलाई सुलट बाजूने मारायची, कापडाची कापलेली कड आत दोन रेघांच्या मध्ये यावी अशी. मी दुमड थोडी जास्तच ठेवते आणि शिवून झाल्यावर आतलं उरलेलं कापड छोट्या कात्रीने शिलाईलगत कापते. सुरुवात बाजूच्या शिवणीजवळून करा, मागच्या भागाकडे. शिवणीच्या गाठीवर टाका गळतो, तिथे मी चाक हाताने फिरवते. गाठीतल्या शिवणीची माया आधी कापून पातळ केली तर त्रास आणखी कमी होतो. कापड दाबून धरणाऱ्या फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा. जास्त दाबाने वरचं कापड पुढे ढकललं जातं आणि काठ लाटांचा होतो. थोड्या लाटा आल्याच तर वाफेच्या इस्त्रीने बसतात. इस्त्री घासू नका, ठेवून उचला.

टिकाऊपणाबद्दल प्रामाणिकपणे सांगते. सैल किंवा बेताच्या मापाच्या सुती टी-शर्टवर माझे काठ वर्षभर मशीनच्या धुण्यात टिकलेत, एकही टाका तुटलेला नाही. अंगाला घट्ट बसणाऱ्या रिबच्या कापडावर, व्यायामाच्या कपड्यांच्या खूप ताणणाऱ्या कापडावर मात्र खालचा दोरा तुटतो. मी बॉबिनमध्ये फुललेला, मऊ नायलॉनचा दोरा हाताने सैल भरून पाहिला. फरक पडला, पण कव्हरस्टिचएवढा काठ ताणला जात नाही. तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

अशा घट्ट टॉपसाठी मी सुई बाजूला ठेवते आणि मूळचा काठच वाचवते. टी-शर्टच्या खालची तयार दुमड वर एक सेंटिमीटर माया ठेवून पट्टीसारखी कापून घ्यायची, मधला नको असलेला भाग काढायचा, आणि पट्टी पुन्हा वरच्या भागाला अरुंद झिगझॅगने जोडायची. टी-शर्टच्या बाजू सरळ असतील तर मापं जुळतात. कंबरेत आत घेतलेला टी-शर्ट असेल तर पट्टी मोठी पडते, मग बाजूची शिवण उसवून कमी करावी लागते. जोड दिसतो, पण काठ कारखान्यातलाच राहतो, आणि ताणलाही तसाच जातो.

सुई चिरकाल टिकत नाही. मी साधारण सहा-सात टॉपनंतर बदलते. त्याआधीच टक-टक असा आवाज यायला लागला, किंवा एकाच रेघेत टाके गळायला लागले, तर लगेच. दोनपैकी एकच सुई बोथट झाली तरी जोडी बदलावी लागते, एवढी एक गोष्ट मला खुपते.

ज्यांच्याकडे झिगझॅगचं मशीन आहे, जे टी-शर्ट कापतात पण काठ कच्चाच सोडून देतात, त्यांनी ही सुई नक्की घ्यावी. पहिल्या दिवशी चांगल्या कपड्यावर लावू नका. कापलेल्या टी-शर्टचा जो खालचा तुकडा उरतो, त्यावरच टेन्शन बसवा. कापड तेच, जाडी तीच, यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. माझ्या मशीनच्या खणात असे तुकडे आहेत, प्रत्येकावर सुईचा आकडा, वरचं टेन्शन आणि टाक्याची लांबी पेनने लिहिलेली. परवा भाचीने तिचा पिवळा टी-शर्ट आणून ठेवला, तेव्हा मी सरळ तसलाच पातळ तुकडा शोधला, २.५ ची सुई लावली आणि चाक फिरवून बघितलं.