थंडीच्या भाज्यांचं तरू: गादीवाफ्यावर टाकावं की ट्रेमध्ये?

दसरा झाला, पाऊस ओसरला, की परड्यात फ्लॉवर, कोबी, नवलकोल, टोमॅटोचं तरू, म्हणजे लावणीसाठीची रोपं, टाकायची घाई सुरू होते. बी कुठलं घ्यायचं, खत किती घालायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते तरू कशात टाकायचं यावर. पूर्वीपासूनचा गादीवाफा की नर्सरीवाले वापरतात तो प्लॅस्टिकचा ट्रे आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा? हातात चार वाफ्यांचं परडं आहे आणि तीस-चाळीस रोपं हवी आहेत, असं धरून ही तुलना केली आहे. एकरभर लागवडीचं गणित वेगळं.

गादीवाफ्याची मोठी बाजू म्हणजे तो चुका पोटात घालतो. एखाद्या दिवशी पाणी द्यायचं राहिलं तरी खालची ओल रोपाला सांभाळते. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि १५ सेंमी उंच वाफा घरच्या गरजेपेक्षा जास्तच होतो. दोन घमेली पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळायचं, ८ ते १० सेंमीवर आडव्या रेघा ओढायच्या आणि बी एक सेंमीपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही. वरून खत-मातीचा पातळ थर, त्यावर पिंजर (वाळकं गवत) आणि झारीनं पाणी. कोबीवर्गातलं बी चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं काढतं. त्याच संध्याकाळी पिंजर उचलायची. एक दिवस जरी जास्त राहिली तरी कोंब उजेडाच्या शोधात लांबतात, पांढुरके होतात आणि नंतर आडवे पडतात.

वाफ्यावरचा खरा शत्रू म्हणजे मर. काल ताठ असलेलं रोप आज जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतं, आणि दोन दिवसांत तिथं टकलासारखा गोल तयार होतो. बी दाट पडलेलं असतं, संध्याकाळी पाणी दिलेलं असतं आणि रात्री गारठा असतो, त्यामुळे माती सकाळपर्यंत ओलीच राहते. मातीतल्या बुरशीला एवढं पुरतं. म्हणून पाणी सकाळीच द्यावं आणि रोपं दोन बोटांच्या अंतरानं विरळावीत. मर दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम घेऊन मुळाशी ओतावं. मर टाळायला ट्रायकोडर्मा हे जैविक औषध वापरायचं असेल तर ते पेरणीआधी शेणखतात मिसळावं. तांब्याच्या औषधासोबत देऊ नये, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे आणि त्या औषधानं तीही मरते.

इथवर मला वाफ्याबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती रोप उपटताना. वाफा आधी भिजवला, खुरप्यानं खालून सैल केला, तरी पाण्याचं काम करणारी केसासारखी बारीक मुळं तुटून मातीतच राहतात. पावसाळ्यात वांगी-मिरचीचं रोप लावलं तर ते चार दिवसांत सावरतं, कारण हवा दमट असते आणि माती उबदार. थंडीत हे उलटं होतं. गार मातीत नवी मुळं हळू फुटतात, आणि दिवसा पूर्वेचा कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन पानांतलं पाणी ओढत राहतं. रोप मान टाकतं, मग सावरतं, पण आठवडाभर तरी नुसतं बसून राहतं. मोजमाप केलेलं नाही, पण शेजारी-शेजारी लावलेल्या रोपांत हा फरक नुसत्या नजरेला कळतो.

टोमॅटोला हे आठवडाभराचं बसणं चालून जातं. फ्लॉवरला चालत नाही. लहानपणी वाढ अडली की फ्लॉवर पुरेशी पानं येण्याआधीच गड्डा धरतो आणि तो लिंबाएवढाच राहतो. याला बटन होणं म्हणतात. एकदा तसा गड्डा धरला की युरिया घाला, पाणी वाढवा, तो फुगत नाही. शिवाय आपली थंडी तशी लहान. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यानं नोव्हेंबर ते जानेवारी रात्री चांगल्या गार असतात, पण संक्रांत उलटली की दुपारचं ऊन चढायला लागतं. या तीन महिन्यांतला आठवडा गेला तर तो भरून निघत नाही. माझं पारडं इथंच ट्रेकडे झुकलं.

ट्रेमधलं रोप मुळांच्या गोळ्यासकट निघतं, म्हणून त्याला हा धक्का जवळजवळ बसतच नाही. मात्र ट्रे निवडताना घाई नको. नर्सरीत चालणारा ९८ कप्प्यांचा ट्रे घरी त्रास देतो. त्याच्या एका कप्प्यात २० ते २५ मिलीच कोकोपीट मावतं, आणि डिसेंबरच्या वाऱ्यात ते दुपारपर्यंत सुकतं. नर्सरीत पाणी द्यायला माणूस असतो. घरची मंडळी सकाळी कामाला जातात ती संध्याकाळीच परततात. ५० कप्प्यांचा ट्रे घेतला तर सकाळचं पाणी बहुधा दिवसभर पुरतं. वरून झारी घालण्यापेक्षा परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात १५-२० मिनिटं ठेवावा, मग उचलून निथळू द्यावा. कोकोपीट वरून कोरडं आणि तळाला चिंब असं फसवं असतं. खालून पाणी दिलं की कप्पा सारखा भिजतो.

६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की आठेक लिटर भुसा होतो. तो बारदानात घालून दोनदा तरी स्वच्छ पाण्यानं धुवावा. न धुतलेल्या कोकोपीटमधल्या मिठानं पानांच्या कडा करपतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. धुतलेल्या तीन भागांत एक भाग गांडूळखत मिसळावं. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ओल जास्त आहे. कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच, म्हणून पहिल्या दोन बीदलांनंतरची खरी पानं फुटली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घेऊन द्यावं आणि आठ दिवसांनी पुन्हा एकदा.

ट्रेचा आणखी एक फायदा थंडीतच कळतो. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या बियांना ऊब लागते. रात्र १२-१३ अंशांवर गेली की टोमॅटोचं बी आठवड्याऐवजी पंधरवडा घेतं आणि मिरची त्याहून रेंगाळते. ट्रे रात्री स्वयंपाकघरात आणता येतो, वाफा आणता येत नाही. पण कोंब दिसला की दिवसा ट्रे उन्हातच हवा. खिडकीशी ठेवलेली रोपं दोरीसारखी लांबतात.

ट्रेची खोड अशी की तो थांबत नाही. कोबी-फ्लॉवर २५ ते ३० दिवसांत लावलेच पाहिजेत. त्यापुढे मुळं कप्प्यात गोल फिरतात, वाढ अडते आणि ज्या बटनाला टाळायचं तेच पदरी पडतं. म्हणून आधी जमीन तयार करावी, मग बी टाकावं. लावताना कोकोपीटचा गोळा मातीच्या एक सेंमी खाली जाऊ द्यावा. तो उघडा राहिला तर वातीसारखी ओल वर ओढून सुकतो आणि भोवतीची माती ओली असूनही रोप कोमेजतं. फ्लॉवर-कोबीला ४५ सेंमी अंतर ठेवावं, नवलकोलला ३० पुरतं. फ्लॉवरच्या पुसा स्नोबॉलसारख्या जातींना गड्डा धरायला १० ते १६ अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडच्या दुपारी त्यांना तो मिळत नाही, म्हणून लवकर किंवा मध्यम हंगामाची जात घ्यावी.

खानापूरकडची तांबडी, निचऱ्याची माती असेल तर वाफ्यावरूनही रोप बरंच सुखरूप निघतं, आणि तिथं कोकोपीटवर खर्च करावाच असं मी म्हणणार नाही. निपाणी-गोकाककडच्या काळ्या मातीत मात्र ढेकूळ मुळं तोडतंच. कांद्याचं तरू कुठल्याही मातीत गादीवाफ्यावरच टाकावं. ते सहा-सात आठवडे वाफ्यात राहतं, रोपं शेकड्यांनी लागतात आणि उपटताना मुळं तुटली तरी कांदा पुन्हा मुळं धरतो. लावताना पातीचा वरचा तिसरा हिस्सा कापून टाकावा.