असिस्ट डॉट ऑर्ग : दोन वर्षं आमच्या फ्रिजवर असलेला कागद

माझी लेक कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकली आणि तिसऱ्या वर्षाला यूसी बर्कलीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली कॅम्पसवर, सिव्हिल इंजिनिअरिंगला गेली. त्या दोन वर्षांत आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उघडली गेलेली साइट म्हणजे असिस्ट डॉट ऑर्ग. इथे केलेला कोर्स तिकडे धरला जाईल का, हे ती सांगते. बे एरियातल्या आपल्या घरांमध्ये कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, नाव काढलं की अजून चेहरे उतरतात. ज्यांच्या घरी सध्या हा विषय चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माझी गोष्ट सांगते. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात केलं आणि चांगल्या मार्कांच्या जोरावर दुसऱ्या वर्षी एका नावाजलेल्या कॉलेजात बदली मागितली. युनिव्हर्सिटी वेगळी होती. एनओसी, टीसी, मायग्रेशन गोळा करत बाबा आणि मी दोन महिने एसटीने फिरलो. प्रवेश झाला, पेढे वाटून झाले, आणि मग कळलं की दोन विषयांचा सिलॅबस जुळत नाही. ते दोन्ही पुन्हा द्यावे लागले आणि माझं वर्ष गेलं. बाबांनी खिडकीपाशी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?" आतून उत्तर आलं, "आधी कोण सांगणार?"

असिस्ट आधी सांगतं. तिची सगळी किंमत माझ्या दृष्टीने या एका गोष्टीत आहे.

कॅलिफोर्नियातली सरकारी कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या यांच्यात कुठला कोर्स कशाच्या बरोबरीचा धरायचा, याचे करार ठरलेले असतात. ते सगळे इथे एका जागी मिळतात. ही व्यवस्था १९८५ पासून चालू आहे. पैसे नाहीत, लॉगिन नाही. वर्ष निवडायचं, आपलं कॉलेज निवडायचं, जिथे जायचं ती युनिव्हर्सिटी निवडायची, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय. समोर दोन रकाने येतात. डावीकडे बर्कलीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या जागी चालणारा डी अँझाचा. बर्कलीच्या मॅथ ५३ समोर डी अँझाचे मॅथ १सी आणि मॅथ १डी असे दोन कोर्स आहेत आणि दोघांच्या मध्ये 'अँड' लिहिलेलं आहे. हा बारीकसा शब्द नीट वाचा. 'अँड' म्हणजे दोन्ही पुरे करायचे. एकच केला तर त्या कोर्सची बरोबरी होत नाही. काही ठिकाणी उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अर्थ इतकाच की या कॉलेजात त्याला जोड नाही. तो कोर्स दुसरीकडे मिळतो का ते शोधायचं, नाहीतर तिथे गेल्यावर करायचा.

आम्ही तो करार छापून फ्रिजवर लावला. क्वार्टर, म्हणजे डी अँझाचं साधारण तीन महिन्यांचं सत्र, संपला की लेक झालेल्या चौकटीवर हिरवा हायलायटर फिरवायची. दुसऱ्या वर्षापर्यंत कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचे डाग पडले होते, पण दुसरा छापायला ती तयार नव्हती.

या कागदानेच आम्हाला एकदा वाचवलं. एका खासगी सल्लागाराला आम्ही पैसे मोजले होते. त्याने सुचवलं की फिजिक्सचा मधला कोर्स उन्हाळ्यात जवळच्या दुसऱ्या कॉलेजात करून टाका, नंबर तोच आहे. लेक फॉर्म भरायला बसली आणि थांबली. "आई, हे सेमिस्टरवालं कॉलेज आहे. आपल्याकडे चार क्वार्टरमध्ये जे होतं त्याचे यांनी तीनच भाग केलेत." नंबर तोच, आतला अभ्यास वेगळा. अर्धी मालिका इकडे आणि अर्धी तिकडे झाली असती आणि मधला भाग गळला असता. दुसऱ्या दिवशी ती डी अँझाच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये जाऊन काउन्सेलरला भेटली. त्यांनी तेच सांगितलं, तेही फुकट.

आणखी एक जागा जपून. कोर्ससमोर 'यूसी ट्रान्सफरेबल' लिहिलं म्हणजे यूसी त्याचे युनिट, म्हणजे क्रेडिट, मोजेल, एवढंच. तुमच्या मेजरला तो चालेलच असं नाही. त्यासाठी मेजरचा करार उघडावाच लागतो. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांनी तर तो आधी उघडावा.

प्रवेश मिळेल का, हे असिस्ट सांगत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नका. कुठल्या मेजरला किती जणांना घेतलं आणि त्यांचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, काय होता, हे यूसीच्या स्वतःच्या 'ट्रान्सफर्स बाय मेजर' या पानावर मिळतं. स्टॅनफर्ड, यूएससी या खासगी ठिकाणांसाठीही असिस्टचा उपयोग नाही. यूसीच्या सहा कॅम्पसवर टॅग नावाची प्रवेशाची हमी सप्टेंबरमध्ये मागता येते, पण एकाच कॅम्पसकडे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. आम्ही यूसी डेव्हिसचा टॅग हाताशी ठेवला आणि बर्कलीचा अर्ज भरला. त्या हमीमुळे वर्षभर घरात शांत झोप लागली, हे मनापासून सांगते.

पैशांचंही सांगायला हवं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी अँझात एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. तिसऱ्या वर्षाला जायला ९० क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे युनिटची फी २,७९० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. एवढ्यात यूसीचं एक वर्षही होत नाही.

साइट फोनवर बघू नका, रकाने डोळ्यांत मावत नाहीत, लॅपटॉपवर बघा. नव्या वर्षाचे करार यायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक क्वार्टरच्या नोंदणीआधी पुन्हा उघडा. जुने छापील कागद फेकू नका. आणि शेवटचा शब्द काउन्सेलरचा घ्या.

पाचपैकी पाच तारे.

बर्कलीचं उत्तर एप्रिलमध्ये आलं. पण मी खरी वाट बघत होते ती उन्हाळ्याची, तिचे कोर्स तिकडे जमा होण्याची. त्या संध्याकाळी लेकीने लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला, मी फ्रिजवरचा कागद काढून आणला. ती एकेक कोर्स वाचत गेली आणि मी हिरव्या चौकटीवर बोट ठेवत गेले. एकही गळला नव्हता. मी बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ झाली होती.