मधुमेहात ताठरतेची गोळी: सिल्डेनाफिल की टाडालाफिल?

दोन्ही गोळ्यांचं काम एकच, लिंगातला रक्तप्रवाह वाढवणं. उत्तेजना मात्र लागतेच, नुसती गोळी घेऊन ताठरता येत नाही. साखर यातली कुठलीही गोळी उतरवत नाही, त्यामुळे मधुमेहाचं औषध त्या दिवशी चुकवायचं कारण नाही. खरा फरक आहे वेळेचा.

सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची. असर चार-पाच तास टिकतो, आणि तेलकट जेवणावर घेतली तर ती उशिरा लागू पडते. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही. तिचा असर 36 तासांपर्यंत राहतो, आणि कमी मात्रेत ती रोजही घेता येते. घड्याळ बघत जवळीक साधायचा ताण ज्यांना नको वाटतो, त्यांना हे मोठं सुख वाटतं. प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असेल तर रोजच्या गोळीने त्यातही आराम पडू शकतो. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडलेल्या असू शकतात, म्हणून गुण इतरांपेक्षा कमी येतो. एकदा जमलं नाही म्हणून निराश होऊ नका, आणि मात्रा आपल्या मनाने तर मुळीच वाढवू नका.

पण हाच लांब असर छातीत दुखू लागलं की आड येतो. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर निदान 48 तास चालत नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. अशा वेळी दवाखान्यात पोहोचताच कोणती गोळी कधी घेतली ते आधी सांगा. लाजेपायी लपवलेली ही एक गोष्ट जीवावर बेतू शकते. मधुमेहात हृदयविकार कधीकधी न दुखता वाढतो आणि ताठरता जाणं ही त्याची पहिली खूण असू शकते. म्हणून गोळीआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) वाढलेलं असेल तर दोन्हींची मात्रा कमी लागू शकते. मूत्रपिंड फारच बिघडलेलं असेल तर टाडालाफिल रोज घेऊ नये. उभं राहताच चक्कर येत असेल किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. इन्सुलिन घेणाऱ्यांना संबंधानंतर घाम, थरथर जाणवली तर गोळीला दोष देण्याआधी साखर तपासा. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा ताठरता चार तासांवर राहिली तर थेट इस्पितळ गाठा.

हृदय आणि मूत्रपिंड ठीक असेल तर माझा कौल टाडालाफिलला. गरज क्वचितच पडत असेल किंवा हृदयाबद्दल डॉक्टर सावध असतील, तर लवकर उतरणारी सिल्डेनाफिल बरी. नायट्रेट चालू असेल तर दोन्ही वर्ज्य. 'वनौषधी' म्हणून विकली जाणारी चूर्णंही नकोत, त्यांत सिल्डेनाफिल लपवून मिसळल्याचं अनेकदा आढळलंय. नायट्रेट घेणाऱ्यांनी डॉक्टरांना निर्वात पंप किंवा लिंगात घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारावं.