हिरवं समुद्री शेवाळ ओळखायला भिंग की सूक्ष्मदर्शक?

ओहोटीला खडकावरून हिरवं शेवाळ आणलं, आता नाव लावायला दहापट भिंग पुरेल की सूक्ष्मदर्शक हवाच?

खर्चात तुलनाच नाही. भिंग काही शेकड्यांत येतं, खिशात मावतं आणि किनाऱ्यावरच निकाल देतं. फांद्या नसलेले, मण्यांच्या माळेसारखे तंतू कीटोमॉर्फा या वंशाचे. फांद्या फुटलेले क्लॅडोफोराचे. कॉलेर्पा या वंशात तर बऱ्याचदा जातही कळते: आडव्या खोडावर द्राक्षांसारखे मणी असले तर रेसिमोझा, चपटी पिसं असली तर टॅक्सिफोलिया, पिसांच्या काड्या गोल असल्या तर सर्टुलॅरिऑइडिस.

पातळ हिरव्या पात्यापुढे मात्र भिंग हात टेकतं. अल्वाच्या पात्यात पेशींचे दोन थर, मोनोस्ट्रोमात एकच, आणि ते आडव्या छेदातच दिसतं. गाजराला चीर देऊन त्यात पात्याचा तुकडा धरा, नव्या ब्लेडने चकत्या काढा, पाच-सहा तरी. जाड चकती काचेवर आडवी पडते, मग पृष्ठभागच दिसतो आणि एकच थर आहे असं वाटतं. इथेच बहुतेक जण फसतात. थेंब समुद्राच्या पाण्याचाच घ्या, गोड्या पाण्यात पेशी फुगतात. पायरेनॉइड (हरितलवकातले स्टार्चने वेढलेले कण) मोजायचे तर सौम्य आयोडीन सोडा.

अल्वाची जात ठरवताना सूक्ष्मदर्शकही अपुरा पडतो. क्षारतेनुसार आकार बदलतो, नळीसारखं एन्टेरोमॉर्फाही 2003 पासून अल्वातच धरतात. खात्रीला डीएनए लागतो.

किनाऱ्यावरची यादी, शाळेची सहल, कॉलेर्पा: भिंग. महाविद्यालयीन प्रकल्प किंवा पात्यासारखे नमुने: सूक्ष्मदर्शक, तोही चारशेपट.