नैसर्गिक वाइन, आठ महिन्यांनी: जॉर्जियाची मनापासून आवडली, पण त्या उंदराच्या वासाचं काय?

फेब्रुवारीत 3,400 रुपयांची बाटली निम्मी मोरीत ओतली. बाटलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे ग्लासाला 680 रुपये. तेवढ्यात कोल्हापुरात एक माणूस मटणाचं ताट पोटभर जेवतो, वर तांबडा-पांढरा हवा तेवढा. हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी शब्द सांगते: सेंद्रिय म्हणजे द्राक्षं कृत्रिम खत-औषधांशिवाय पिकवलेली, बायोडायनॅमिक म्हणजे त्याच्यावर चंद्राच्या कला बघून केलेली शेती, आणि नैसर्गिक म्हणजे वाइन करतानाही बाहेरचं जवळजवळ काही न घातलेली. 'सेंद्रिय'ला कायदा आहे, 'नैसर्गिक'ला बहुतेक ठिकाणी नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. युरोपात सेंद्रिय वाइनचे नियम 2012 साली आले. कोरड्या लाल वाइनमध्ये लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) चालतं, साध्या लाल वाइनमध्ये 150 पर्यंत. नैसर्गिकवाल्यांसाठी फ्रान्सने 2020 मध्ये 'वँ मेथोद नातूर' नावाची सनद मान्य केली: द्राक्षं सेंद्रिय आणि हाताने तोडलेली, यीस्ट द्राक्षाबरोबर आलेलंच, आणि सल्फाइट घातलंच तर 30 मिलिग्रॅमच्या आत. बाकी देशांत लेबलवर 'नैसर्गिक' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बनवणाऱ्यालाच विचारावा लागतो.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. दादाची सोनाका आणि थॉमसन या खायच्या द्राक्षांची बाग आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, मग अवकाळीच्या भीतीने डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या, हे बघतच मी मोठी झाले. त्यामुळे 'सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही' असं कुणी सांगितलं की मी तिथेच थांबवते. गंधक आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागेतही चालतं. फक्त युरोपात मोरचुदातल्या तांब्याला मर्यादा आहे, 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो. आणि सल्फाइटचं म्हणाल तर आमच्याकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तशा बेदाण्यात वाइनपेक्षा कितीतरी जास्त सल्फाइट असतं, आणि आपण तो शिऱ्यात मूठभर घालतो. गंधकाच्या भीतीने मी या वाइनकडे वळलेच नव्हते. छोट्या शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षाची स्वतः केलेली वाइन कशी लागते, एवढंच बघायचं होतं.

सुरुवात नोव्हेंबरात अरुणाचलच्या सहलीत झाली. झिरोमध्ये सेंद्रिय किवीची 'नारा-आबा' मिळाली. टागे रिता यांनी ती वायनरी काढली, किवीला भाव मिळेना आणि माल वाया जायला लागला म्हणून. आंबट आणि स्वच्छ चवीची, थंडगार पिण्याजोगी वाइन. पडून राहणाऱ्या फळाची बाटली झाली हे बघून मला पहिल्यांदा दादाची आठवण आली. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क जाहीर झालं, तेव्हा आमच्या शेजारच्यांनी मोठ्या उमेदीने शिराज ही वाइनची द्राक्षं लावली होती. पुढे मागणी बसली, तेव्हा उपटून पुन्हा थॉमसन लावली. तो विषय घरात निघाला की अजून सगळे गप्प होतात.

डिसेंबरात लेक म्युनिकहून आली. विमानातून माणशी 2 लिटरच आणता येते, म्हणजे पुऱ्या दोनच बाटल्या. तिने एक फ्रान्सच्या बोजोले भागातल्या मोर्गों गावची, गामे द्राक्षाची लाल वाइन आणली आणि एक जॉर्जिया देशातल्या काखेती भागाची.

मोर्गों म्हणजे या सगळ्या चळवळीचं माहेरच. झ्यूल शोवे नावाचा रसायन जाणणारा वाइनवाला गंधकाशिवाय वाइन टिकवण्याचे प्रयोग करायचा, आणि ऐंशीच्या दशकात मार्सेल लापिएरने ते मोर्गोंमध्ये उचलून धरले. आमची बाटली वेगळ्या, छोट्या घरची होती. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली आणि सुक्क्या मटणाबरोबर घेतली. हलकी, जांभळासारखी, जिभेला न आवळणारी. तांबड्या रश्श्यावर जड लाल वाइन घेतली की तिखट दुप्पट झोंबतं, ते हिने होत नाही. त्या रात्री मी बहिणीला फोन करून सांगितलं की आता दुसरी वाइन घरात आणायची नाही. ते वाक्य दोन महिन्यांत मागे घ्यावं लागलं.

मुंबईतल्या एका दुकानातून दक्षिण फ्रान्सच्या एका नैसर्गिक लाल वाइनच्या दोन बाटल्या मागवल्या. दोनवर सूट होती. दारूचा परवाना होताच, भाचा गाडीने येताना घेऊन आला. वर्षानुवर्षं बहुतेक परदेशी वाइनवर आयात शुल्क 150 टक्के राहिलं होतं, त्यामुळे किमतीबद्दल मी दुकानाला दोष देत नाही. शनिवारी बाटली उघडली. वास छान, पहिला घोट छान. गिळल्यावर साधारण दहा-पंधरा सेकंदांनी घशातून एक वास वर आला. माहेरी बेदाण्याच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागे उंदरांनी घर केलं की येतो, तसाच. पाणी प्यायले, शेंगदाणे खाल्ले, तरी तो जाईना. हे मात्र शेजारी बसून मजेत पीत होते. म्हणाले, "काहीच नाही गं, तुझा भास आहे."

भास नव्हता. लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, याला उंदराच्याच नावाने ओळखतात, माउस." तिने सांगितलेलं थोडक्यात असं: गंधक नसलं की काही लॅक्टिक जिवाणू आणि ब्रेटॅनोमायसीस नावाचं यीस्ट वाइनमध्ये माजतं, आणि ते हे वासाचे घटक तयार करतं. वाइन आम्लधर्मी असते, त्यामुळे ग्लासात हा वास उडत नाही. तोंडात लाळ मिसळली, आम्ल कमी झालं, की सुटतो. प्रत्येकाची लाळ वेगळी, म्हणून एकाला येतो आणि दुसऱ्याला येत नाही. तिने दोन परीक्षा सांगितल्या. एक म्हणजे मनगटामागे दोन थेंब चोळून हुंगायचं. दुसरी म्हणजे चमचाभर वाइनमध्ये चिमूट खायचा सोडा टाकायचा. मी वाटीत सोडा टाकला. वाइन फसफसली, लालाची काळपट निळी झाली, आणि वाटीतून तो वास असा उठला की ह्यांनी मान मागे घेतली. मग निम्मी बाटली मोरीत गेली.

त्यातला एक घटक ऐकून मात्र मी चाट पडले. 2-असिटाइल-1-पायरोलीन. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः यानेच येतो. आजऱ्याचा घनसाळ शिजायला लागला की शेजारी विचारतात आज कोण आलंय, तो वास आणि माझ्या घशातला तो वास एकाच घरचे. भातात जो हवाहवासा वाटतो, तो वाइनमध्ये शेजारच्या घटकांबरोबर उंदीर होऊन येतो. तेव्हापासून घनसाळाचं झाकण उघडताना मी एक क्षण थांबते.

सोमवारी दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, नॅचरल वाइन अशीच असते. तुम्हाला सवय नाही." पैसे परत नाहीत, बदली बाटली नाही. तीन वेळा फोन केला, तिसऱ्यांदा उचललाच नाही. मला हे उत्तर पैशांपेक्षा जास्त लागलं. 2010 साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा 'आमच्याकडची द्राक्षं अशीच असतात, सवय करा' असं म्हणायची सोय एकाही शेतकऱ्याला नव्हती. दादा आजही पेटी भरताना एक-एक मणी बघतो. एक सडका मणी निघाला तर व्यापारी सगळी पेटी बाजूला काढतो. आणि 3,400 रुपयांच्या बाटलीतला दोष मी 'निसर्ग' म्हणून प्यायचा? थोडा गाळ, थोडा बुडबुडा, थोडा सफरचंदी आंबटपणा मी आनंदाने घेते. उंदीर मात्र दोषच आहे.

दोन महिने काही मागवलं नाही. मग एप्रिलच्या उकाड्यात लेकीची दुसरी बाटली, जॉर्जियाची, उघडली. रकात्सितेली द्राक्षाची, रंग पातळ काकवीसारखा. तिकडे क्वेव्री नावाचा मोठा मातीचा रांजण आतून मधमाशीच्या मेणाने लिंपतात आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात. पांढरी द्राक्षं साल-बी-देठासकट त्यात पाचसहा महिने ठेवतात. या पद्धतीला युनेस्कोने 2013 मध्ये वारशाचा मान दिला. तिथे चोथ्याला 'चाचा' म्हणतात, ते ऐकून आमच्या घरी सगळे हसले. चव अक्रोडाची, वाळलेल्या जर्दाळूची, आणि कोऱ्या चहासारखी जिभेला धरणारी. पांढऱ्या रश्श्यातलं खसखस-काजू-नारळाचं जडपण तिने अलगद कापलं. मी आधी मनगटावर चोळून हुंगलं, काही नाही. तीन दिवस उघडी होती, तिसऱ्या दिवशीही उंदीर नाही. इतके महिने सालीबरोबर राहिल्यामुळे टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, येतो, आणि तो वाइनला सांभाळतो. म्हणजे जिथे गंधक कमी तिथे दुसरं काहीतरी राखण करायला लागतं, मग ते टॅनिन असो नाहीतर थंडावा. आमच्या 38 अंशांत, मुंबईहून गाडीने आलेल्या बाटलीला राखण हवीच. बाटली भरताना 20-30 मिलिग्रॅम सल्फाइट घालणाऱ्याला मी आता जास्त मान देते.

मत बदलायची वेळ पुन्हा गेल्या शनिवारी आली. फ्रान्सची ती दुसरी बाटली पाच महिने फ्रीजच्या तळाशी पडून होती. टाकून द्यायच्या आधी उघडली. सोड्याची परीक्षा केली तर वास होता, पण इतका पुसट की घोट घेतल्यावर मला शोधावा लागला. काही वाइनमध्ये हा दोष काळाने उतरतो असं लेक म्हणालीच होती. प्यायलो, संपवली. म्हणून दुकानदार बरोबर होता असं नाही. त्याने "सहा महिने थांबा" म्हटलं असतं तर मी थांबले असते.

सध्या मागवते ती क्वेव्रीची, आणि उन्हाळ्यात मोर्गोंकडची गामे, दुकान दुसरं. आधी विचारते: कधी भरली, गंधक किती, दोष निघाला तर काय. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडून घेत नाही. रोजच्यासाठी नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आहेच, तिच्यावर माझी तक्रार नाही.

रविवारी दादा येतोय. जॉर्जियाची एक बाटली त्याच्यासाठी ठेवलीय. देठासकट रांजणात घालतात म्हटल्यावर त्याने फोनवर लगेच विचारलं, "देठ हिरवा का पिकलेला?" ते मला सांगता आलं नाही. लेकीला विचारून ठेवायला पाहिजे.